उलटं बसलेलं सील

आमच्या घरात बाबांची माया कुणाच्या वाट्याला आली असेल, तर ती अण्णासाहेबांच्या जीपच्या. आम्ही चार भावंडं होतो, पण रोज सकाळी बाबा अंगावर हात फिरवून विचारपूस करायचे ती तिची. शिरूरच्या बाहेर, घोड नदीच्या अंगाला अण्णासाहेबांची बागाईत होती, बंगला होता आणि बंगल्याच्या मागं पत्र्याची लांब शेड होती. शेडच्या एका टोकाला जीप राहायची आणि दुसऱ्या टोकाला, मधे विटांची आडभिंत घालून, आम्ही राहायचो. भिंत वर पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती. त्यामुळं आमच्या चुलीचा धूर जीपकडं जायचा आणि जीपच्या पेट्रोलचा वास आमच्या कालवणात यायचा. आज इतक्या वर्षांनीसुद्धा हुलग्याचं शेंगोळं पुढ्यात आलं की मला लसणाच्या आधी पेट्रोल आठवतं.

बाबा लढाईत ब्रह्मदेशाच्या बाजूला होते, मिलिटरीच्या गाड्या दुरुस्त करायला. परत आले ते एक खाकी स्वेटर, चार इंग्रजी शिव्या आणि गाडीची नस न् नस ओळखणारे हात घेऊन. मिशनच्या आवारात वाढलेल्या माणसानं मास्तर व्हावं नाहीतर दवाखान्यात कंपाउंडर व्हावं, अशी सगळ्यांची समजूत होती. बाबांच्या स्वभावाला दोन्ही झेपण्यासारखं नव्हतं. अण्णासाहेबांनी लष्करी लिलावातून लढाईतली जुनी जीप घेतली, तेव्हा तिला चालवायला आणि सांभाळायला माणूस लागला, आणि जीपच्या पाठोपाठ आम्ही त्या शेडमध्ये आलो. अण्णासाहेब मोठे बागाईतदार, सोसायटीचे चेअरमन. रस्त्यानं जीप निघाली की बांधावरची माणसं उभी राहायची. तिचं स्टेअरिंग डावीकडं होतं, म्हणून अण्णासाहेब उजवीकडं, लोकांना नीट दिसतील असे बसायचे. त्यांना ते फार आवडायचं.

मनोहर माझा मोठा भाऊ. आम्ही त्याला मनू म्हणायचो. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, पण अंगानं हडकुळा आणि बोलायला कमी. सातवीनंतर बाबांनी त्याला शाळेतून काढून हाताखाली घेतलं. बाबांची शिकवायची तऱ्हा एकच होती. त्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलटे फिरायचे, उजवीकडचे सुलटे. मनूला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं पहिल्यांदा डाव्या चाकाला पाना लावला आणि नट सैल व्हायच्या ऐवजी आवळत राहिला. बाबा मागं उभे राहून बघत होते. घामाघूम होईस्तोवर त्यांनी त्याला आवळू दिलं आणि मग त्याच पान्यानं त्याच्या पोटरीवर मारलं. "आता इसरशील का?" एवढंच म्हणाले. मनू विसरला नाही. तो काहीच विसरत नसे. दोन वर्षांत त्याला सगळं यायला लागलं, आणि बाबांना तेच सलायला लागलं असं मला आता वाटतं.

कारण त्याच सुमाराला बाबांचे डोळे जायला लागले होते. आमच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची. बाबा शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय वाचायचे आणि आम्ही मांडी घालून ऐकायचो. एका पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं की बाबा पान कुठलंही उघडोत, वाचतात ते एकच स्तोत्र. पाठ होतं ते त्यांना. मी आईकडं पाहिलं. आईनं डोळे मिटलेलेच ठेवले आणि माझ्या गुडघ्यावर हात दाबला. त्या दाबण्यात सगळं आलं. लांबचं त्यांना बरं दिसायचं, रस्ता दिसायचा, समोरून येणारी बैलगाडी दिसायची. जवळचं मात्र धुक्यासारखं. जीपचं काम ते कानानं करायला लागले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ऐकत बसायचे. उरलेलं बोटांनी चाचपायचे. पण त्यांच्या बोटांची टोकं तापल्या लोखंडानं करपून दगडासारखी झालेली, त्यांना कितीसं कळणार! अण्णासाहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं तर आम्ही दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आलो असतो.

तो उन्हाळा. जीपच्या चारही चाकांची सिलं गेली होती. बैलगाडीच्या चाकाला जसा तुंबा असतो, तसा जीपच्या चाकाला हब असतो. त्यात बेअरिंग फिरतं आणि बेअरिंगला वंगण लागतं. ते वंगण आतल्या आत राहावं म्हणून हबच्या आतल्या तोंडाशी एक कडं ठोकून बसवलेलं असतं, लोखंडाच्या वाटीत चामड्याचा ओठ. तेच सील. ओठ झिजला की उन्हानं पातळ झालेलं वंगण बाहेर येतं आणि ब्रेकच्या पट्ट्यांवर पसरतं. ब्रेक दाबला तरी ते चाक धरत नाही. नवं सील बसवताना एकच गोष्ट सांभाळायची असते: ओठ आत, बेअरिंगकडं तोंड करून बसला पाहिजे. बाहेर तोंड करून बसला तर सील नवं असून काही उपयोग नाही, वंगणाला दार उघडंच. हे सगळं मी शाळेत नाही शिकले. दुपारची भाकरी घेऊन शेडच्या त्या टोकाला जायचं काम माझं होतं. मनू जेवत बसायचा आणि मला दाखवायचा. मला सांगताना तो बोलायचा.

तीन चाकं मनूनं केली. चौथं, पुढचं डावं चाक खोललं तेव्हा मी भाकरीचं फडकं घेऊन तिथं पोचले होते. ब्रेकचा ड्रम, पातेल्याच्या आकाराचं जड लोखंड, हबसकट उतरवून पोत्यावर उताणा ठेवला होता. मनूनं हब रॉकेलनं धुऊन पुसून घेतला, बेअरिंगमध्ये वंगण भरलं आणि सील हातात घेतलं. तेवढ्यात बंगल्याच्या ओट्यावरून अण्णासाहेबांचा आवाज आला, "मिस्त्री, पोरगंच करतंय जणू सगळं! तुमी काय पेन्शनीत गेलाय का?" ओट्यावरची माणसं हसली. बाबांनी मनूच्या हातातून सील काढून घेतलं. हबच्या तोंडाशी चाचपत टेकवलं आणि त्यावर लाकडी ठोकळा धरला.

मनू हळू आवाजात म्हणाला, "बाबा, उलटं बसतंय. ओठ भाईर आलाय."

"काय?"

"ओठ भाईर आलाय. फिरवा."

बाबांनी ठोकळा खाली ठेवला. हातोड्याच्या दांड्यानं मनूच्या बोटांवर मारलं, हबच्या काठावर टेकलेल्या बोटांवर. कांडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मनूनं हात छातीशी धरला आणि तोंडातून आवाज काढला नाही, कारण ओट्यावर माणसं होती. "मला शिकवतो व्हय रं," बाबा दातांतून म्हणाले, "तुझ्या जन्माच्या आधीपासून बसवतोय मी." आणि त्यांनी सील ठोकून बसवलं. चार बाजूंनी चार ठोके, अगदी सरळ, अगदी सफाईनं. फक्त उलटं. मी समोर उभी होते. चामड्याचा काळा ओठ बाहेर डोकावत होता. मग हबसकट ड्रम जागेवर चढला, चाक चढलं आणि ते दिसेनासं झालं.

आठवडाभरानं अण्णासाहेबांच्या मोठ्या मुलीला बघायला सोलापूरकडून पाहुणे यायचे होते. आगगाडीनं ते दौंडला उतरणार आणि तिथून त्यांना जीपनं आणायचं. स्थळ तोलामोलाचं होतं. अण्णासाहेबांनी नवा कोट चढवला, फेटा बांधला आणि सकाळीच बाबांना घेऊन निघाले. दौंडच्या अलीकडं भीमेकडं उतरणारा एक लांब उतार आहे. पुढं शेळ्या आडव्या आल्या म्हणून बाबांनी ब्रेक दाबला. तीन चाकांनी धरला, पुढच्या डाव्यानं धरला नाही. जीप उजवीकडं ओढली गेली. उजव्या कडेनं सरपणाची मोळी घेऊन एक म्हातारी चालली होती. तिचा पाय चाकाखाली आला आणि जीप बाभळीच्या काट्यांत जाऊन थांबली. अण्णासाहेब त्यात तोंडावर पडले. शेळ्या राखणारी पोरं ते बघून आधी हसली आणि मग पळून गेली. पाहुणे दौंडच्या फलाटावर तीन तास बसले आणि परतीच्या गाडीनं निघून गेले. सोयरीक मोडली. म्हातारीचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. अण्णासाहेबांनी तिच्या घरी ज्वारीचं पोतं पाठवलं आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला. पुढं जे काही झालं ते त्या म्हातारीसाठी झालं नाही, हे इथं लिहून ठेवलं पाहिजे. ते फेट्यासाठी झालं, कोटासाठी झालं, पोरांच्या हसण्यासाठी झालं. तिचं नावही आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. मीही नाही.

बैल लावून जीप संध्याकाळी घरी आणली. बाबा भिंतीकडं तोंड करून झोपले. सकाळी अण्णासाहेब चाक खोलायला लावणार हे सगळ्यांना माहीत होतं. पहाटे आई भाकरी थापत होती. मनू हातपंपावर गेला होता. आईनं मला जवळ बसवून घेतलं. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "आज तुला इचारतील. तू रोज तिथं असतीस म्हनून इचारतील. मनूनं बसवलं म्हनायचं."

"पण आई, बाबांनीच..."

"मला ठावं हाय कुणी बसवलं." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "डोळ्याचं भाईर आलं तर ही खोली जाती. धाकटी दोघं हायती. कुठं जायाचं घिऊन? मनू मार खाईल. पोराची जात हाय, आठ दिसात इसरंल." मग तिनं पहिली भाकरी, पापुद्रा आलेली, मनूसाठी बाजूला काढली आणि तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला. लोणी आमच्याकडं सणालाच असायचं. मनूनं ती भाकरी खाल्ली आणि विचारलं, "आज लोणी कसं काय?" आईनं पुढची भाकरी तव्यावर टाकली. आईला मी पुढं पुष्कळ समजून घेतलं. माझीही मुलं झाली. पण ते लोणी मला अजून समजून घेता आलेलं नाही.

ड्रम ओढून काढला तेव्हा आतून वंगण ओघळलं. ब्रेकच्या पट्ट्या काळ्या निथळत होत्या. अण्णासाहेबांनी शिरूरच्या मोटारस्टँडवरचा एक मिस्त्री मुद्दाम बोलावून आणला होता. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "सील उलटं बसवलंय." अण्णासाहेबांच्या गालावर काट्यांचे ओरखडे होते. ते शांतपणे म्हणाले, "कुणी बसवलं?"

बाबा म्हणाले, "पोरानं."

मनूनं बाबांकडं बघितलं. रागानं नाही. पुढचं वाक्य येईल म्हणून माणूस वाट बघतो, तसं. ते आलं नाही. अण्णासाहेब म्हणाले, "मिस्त्री, सोताची कातडी वाचवायला पोराला पुढं करत न्हाई ना तुमी?" आणि मग माझ्याकडं वळले. "इकडं ये गं. तू भाकरी घिऊन येतीस रोज. मिशनच्या शाळंतली हायस, तुमच्यात खोटं बोलत न्हाईत म्हंत्यात. तू सांग. कुणी बसवलं?"

मनू माझ्याकडं वळला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. मला विचारलं याचा त्याला चक्क आनंद झाला होता. बाबांनी नाही तरी मी सांगीन, याची त्याला खात्री होती. उजव्या हाताच्या दोन बोटांवर आईनं चिंधी बांधलेली होती.

मी म्हणाले, "मनूनं."

मी हे रडत म्हणाले नाही. अडखळत म्हणाले नाही. शाळेत हजेरी देतात तसं स्पष्ट म्हणाले. लोक म्हणतात, लहान होतीस. मी पंधरा वर्षांची होते. पंधराव्या वर्षी माणसाला सगळं कळतं.

अण्णासाहेबांनी जीपच्या पंख्याचा जुना पट्टा मागवला आणि तो बाबांच्या हातात दिला. "तुमचंच पोर हाय. तुमीच शिकवा." मनूच्या डोक्यावर तो ड्रम ठेवायला लावला, दोन्ही हातांनी धरून. अंगणात मजूर होते, बंगल्यातल्या बायका होत्या, मोटारस्टँडचा मिस्त्री होता. ड्रममधलं वंगण मनूच्या केसांतून कपाळावर आणि डोळ्यांत उतरत होतं. बाबा वरवर मारतील, देखल्या देवा दंडवत करतील, असं मला वाटत होतं. तसं झालं नाही. पहिले दोन फटके तसे होते. मग बाबांच्या अंगात काही शिरल्यासारखं झालं. ते प्रत्येक फटक्याला ओरडायला लागले, "उलटं बसवतोस? उलटं बसवतोस?" त्यांना खरंच राग आला होता. त्या अंगणात, त्या घटकेला, त्यांच्या डोक्यात ते सील मनूनंच बसवलं होतं. शेवटी अण्णासाहेबच म्हणाले, "बास करा मिस्त्री, मरंल ते." बाबा थांबले नाहीत. दोन गड्यांनी त्यांना धरलं. मनूच्या हातून ड्रम शेवटपर्यंत पडला नाही. मोडल्या बोटांनी त्यानं तो धरून ठेवला होता, का ते मला कळत नाही.

चार दिवस तो पालथा झोपून होता. मी हळद-तेल घेऊन जायचे. तो पाठ द्यायचा, लावू द्यायचा. चौथ्या दिवशी मी म्हणाले, "मनू, आईनं सांगितलं हुतं." तो म्हणाला, "व्हय." बस. पाचव्या दिवशी तो जागेवर नव्हता. गुळाच्या ढेपा दौंडला घेऊन निघालेल्या बैलगाड्यांबरोबर चालत गेला, असं एका गाडीवानानं नंतर सांगितलं. आईनं त्याची थाळी घासून फळीवर उपडी ठेवली आणि धाकट्यांना सांगितलं की दादा नोकरीला गेला.

खोली वाचली ती दोन वर्षं. मग एका सकाळी बाबांनी बंगल्याच्या फाटकावरच जीप घातली आणि सगळं उघडं पडलं. अण्णासाहेबांनी आठ दिवसांत जागा मोकळी करून घेतली. मिशनच्या आवारात एका दयाळू पाळकांनी आम्हाला ओसरीलगतची खोली दिली. ज्या खोलीसाठी मनूला दिलं, ती तशीही जाणारच होती. पुढं काही वर्षांत बाबा पूर्ण आंधळे झाले. मी तेव्हा नर्सचं शिकून दवाखान्यात लागले होते. एकदा त्यांना भरवताना ते म्हणाले, "पोरानं त्या दिशी सील उलटं बसवलं नसतं, तर आपन अजून बंगल्यावर असतो." मी भाकरीचा घास मोडला, आमटीत बुडवला आणि त्यांच्या तोंडात घातला. त्यांनी चावून खाल्ला.

मनूचा पत्ता मला बाबा गेल्यानंतर लागला. आमच्या ख्रिस्ती देवळातला एक जण रेल्वेत होता. तो म्हणाला, दौंडच्या इंजिन शेडमध्ये एक फिटर आहे, तुमच्याच आडनावाचा, वाकड्या बोटांचा. मी सुट्टी काढून गेले. रेल्वेच्या चाळीत त्याचं घर होतं, दारात तुळस नाही की क्रूस नाही, नुसता एक रांजण. त्यानं मला लगेच ओळखलं. "बस," म्हणाला. बायकोला म्हणाला, "शिरूरच्या बाई हायत्या. दवाखान्यातल्या. ओळखीच्या. च्या टाक." त्याची लहान मुलगी दाराआडून मला बघत होती. तिचे डोळे आमच्या आईचे होते. मी तिला जवळ बोलवणार होते, पण कोण म्हणून बोलवायचं ते सुचलं नाही. चहा झाला. मुलांच्या शाळेचं, दौंडच्या पाण्याचं बोलणं झालं. मी "बाबा गेले" म्हणाले. तो म्हणाला, "कळलं हुतं."

तो मला स्टेशनपर्यंत पोचवायला आला. फलाटावर मी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "मनू, मला माफ कर." त्यानं हात सोडवला नाही. पण माझ्याकडं न बघता, रुळांकडं बघत म्हणाला, "मला वाटलं हुतं, बाबांनी न्हाई तर न्हाई, तू हायस." गाडी आली. त्यानं मला जागा धरून दिली, खिडकीतून पाण्याचा तांब्या आत दिला, आणि गाडी हलायच्या आधीच निघून गेला. नंतर मी तीन पत्रं घातली. उत्तर आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोचं कार्ड आलं. "आमचे हे वारले. तुम्ही ओळखीच्या म्हणून कळवते." मी पोचले तेव्हा पेटी कबरीत उतरवली होती. पाळकांनी सांगितलं की आधी घरच्यांनी माती द्यावी. त्याची बायको पुढं झाली, मुलगी झाली, जावई झाला, नातवंडं झाली. मी मागं, इंजिन शेडमधल्या म्हाताऱ्या कामगारांच्या ओळीत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा टोपलं धरून उभ्या असलेल्या माणसानं आदबीनं विचारलं, "आपण कोण त्यांच्या?"

त्याची मुलगी समोरच उभी होती, ऐकत होती. मी म्हणाले, "शिरूरची. ओळखीची." आणि मूठभर माती घेतली.